तो एक सेकंद कुणाचा?

१८ मार्च २०१८, रविवारची रात्र. दहाला दोन मिनिटं कमी. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टेंपी नावाचं शहर आहे, तिथल्या मिल अ‍ॅव्हेन्यूवरून उबरची एक चाचणी-गाडी उत्तरेकडे चालली होती. व्होल्वो एक्ससी९०, छपरावर लायडारचं, म्हणजे लेझर किरणांनी आजूबाजूचं टिपणाऱ्या यंत्राचं, फिरतं डोकं. स्टिअरिंगमागे एक बाई बसली होती, पण गाडी ती चालवत नव्हती. गेली एकोणीस मिनिटं संगणक चालवत होता. त्याच वेळी ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. सायकलला पिशव्या अडकवलेल्या. बराचसा रस्ता तिने पार केला होता. उजव्या लेनमध्ये गाडीने तिला ताशी ३९ मैलांच्या, म्हणजे सुमारे ६३ किलोमीटरच्या वेगाने धडक दिली. ती वाचली नाही.

स्वयंचलित गाडीने पादचाऱ्याचा जीव घेतल्याची ही पहिली नोंदलेली घटना. खटला संपायला पाच वर्षं लागली आणि शिक्षा एकाच व्यक्तीला झाली. ती शिक्षा चुकीची होती असं मला म्हणायचं नाही. मला खटकतं ते वेगळंच आहे. त्या एका व्यक्तीचा जबाब घेतल्यावर बाकीच्यांचा घ्यायची गरजच उरली नाही, असं सगळे वागले.

ज्या पेचाची आपण तयारी करत होतो

या गाड्यांच्या नैतिकतेची चर्चा तेव्हा एकाच गोष्टीभोवती फिरत होती, ट्रॉलीच्या पेचाभोवती. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये तो मांडला. ट्रॉली सुसाट निघाली आहे, पुढे रुळावर पाच माणसं आहेत. ट्रॉली दुसऱ्या रुळावर वळवली तर एकच माणूस मरेल. वळवायची का? पुढे जुडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी त्यात आणखी पीळ भरले. विनाचालक गाड्या आल्या तेव्हा या पेचाला नवं घर मिळालं. ब्रेक निकामी झालेत, समोर म्हातारी आणि लहान मूल आहे, गाडीने कुणाला वाचवावं? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ‘मॉरल मशीन’ या ऑनलाइन प्रयोगात जगभरातल्या लोकांनी असे जवळपास चार कोटी निवाडे दिले. त्याचा निबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे टेंपीनंतर सात महिन्यांनी.

टेंपीच्या गाडीपुढे असला कुठलाच पेच नव्हता. ब्रेक ठणठणीत होते. रस्ता मोकळा होता. एकाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याला मारायचं, असा प्रश्नच आला नाही. समोर माणूस आहे हेच गाडीला शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि ते न उमगण्याची तजवीज कित्येक महिने आधीच होऊन बसली होती. ती तजवीज नेमकी काय होती, हे एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने सेकंदाच्या दशांशापर्यंत मांडून ठेवलं आहे. म्हणूनच हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे.

गाडीला काय दिसलं

धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारला पुढे काहीतरी असल्याचं कळलं. गाडीचा वेग तेव्हा ताशी ४४ मैल होता, म्हणजे सत्तर किलोमीटरच्या आसपास. मधलं अंतर साधारण ११० मीटर. संगणकाने त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवली: वाहन. ५.२ सेकंदांवर लायडारनेही ती टिपली. चिठ्ठी बदलली: इतर. ४.२ सेकंदांवर पुन्हा वाहन. मग सेकंदभर नुसती उलटापालट, वाहन, इतर, वाहन, इतर. २.६ सेकंदांवर सायकल. १.५ सेकंदांवर पुन्हा इतर. १.२ सेकंदांवर परत सायकल.

चिठ्ठी बदलली यात एरवी काही बिघडलं नसतं. अंधारात लांबून येणारी आकृती आपल्यालाही आधी झुडूप वाटते, मग गाय, मग माणूस. पण ती मघापासून सरकते आहे, हे आपण विसरत नाही. हा संगणक विसरत होता. चिठ्ठी बदलली की त्या वस्तूची आधीची हालचाल पुसली जायची आणि नव्या चिठ्ठीची वस्तू जणू आत्ताच उगवली आहे असा हिशेब सुरू व्हायचा. वस्तू ‘इतर’ ठरली की ती जागच्या जागी उभी आहे असं धरायचं. ‘वाहन’ ठरली तर ती आपल्या लेनमध्ये सरळ जाईल असं धरायचं. म्हणजे जी बाई एका संथ लयीत डावीकडून उजवीकडे चालत होती, ती संगणकाच्या लेखी कधी उभी होती, कधी शेजारच्या लेनमधून पुढे निघाली होती. आडवी मात्र ती कधीच येत नव्हती.

आणि ‘पादचारी’ ही चिठ्ठी? ती यादीत होती. मात्र पादचारी रस्ता ओलांडेल तो झेब्रा क्रॉसिंगपाशी, असं रचनेत गृहीत धरलं होतं. भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा विचार या प्रणालीत केलेलाच नव्हता, असं तपास अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. जवळचं क्रॉसिंग साधारण ३६० फुटांवर होतं. त्या ठिकाणी दुभाजकात विटांची सुबक पायवाट होती, पाहताच पाऊल टाकावंसं वाटेल अशी, आणि तिच्याच शेजारी ‘इथून ओलांडू नका’ असा फलक. शहराने एका हाताने बोलावलं आणि दुसऱ्या हाताने हटकलं. (भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडण्याला इंग्रजीत ‘जेवॉकिंग’ असा गुन्ह्याच्या वासाचा खास शब्द आहे. मराठीत तसा एकच शब्द नाही, याचं मला बरंच वाटतं.)

आता हे गृहीतक कुठे जन्माला आलं असेल याची कल्पना करा. एखाद्या बैठकीत आधी काय हाताळायचं आणि नंतर काय, याची यादी बनते. क्रॉसिंगवरचे पादचारी आधी, बाकीचे पुढच्या टप्प्यात. त्या खोलीत कुणी नैतिकतेचं नावही काढलं नसेल, आणि तसं काढायचं सुचणंही अवघड होतं. कामाचा क्रम ठरत होता, बस. पण माणूस कुठे माणूस म्हणून धरायचा आणि कुठे नाही, हे त्याच क्रमाने ठरवलं. ट्रॉलीच्या पेचात कळ ओढणारा हात निदान दिसतो. इथे कळ केव्हाच ओढून झाली होती आणि ओढणाऱ्यांना आपण कळ ओढली याचा पत्ताही नव्हता.

थांबा

१.२ सेकंदांवर संगणकाला एकदाचं कळलं की ही वस्तू आपल्याच लेनमध्ये आहे आणि धडक बसणार. मग त्याने काय केलं? तो एक सेकंद थांबला.

ही बिघाडामुळे आलेली थिजलेली अवस्था नव्हती. तसं मुद्दाम ठेवलं होतं. या गाड्यांना भास फार व्हायचे. असं काही नसताना संगणकाला धोका दिसायचा आणि गाडी करकचून ब्रेक मारायची. अशा झटक्यांनी आतला माणूस हैराण होतो आणि मागून येणारं वाहन येऊन आदळू शकतं. म्हणून सोय केली गेली: अचानक धोका दिसला तर एक सेकंद काहीच करायचं नाही, तेवढ्यात धोका खरा आहे का ते पडताळायचं, आणि मधल्या काळात आत बसलेला माणूस बघून घेईल.

या सेकंदापाशी मला जरा रेंगाळायचं आहे, कारण माझ्या मते सगळं प्रकरण त्याच्यात आहे. कुठल्याही धोक्याच्या घंटेला दोन प्रकारे चुकता येतं. धोका नसताना वाजायचं, किंवा असताना गप्प राहायचं. एक चूक कमी करायला गेलात की दुसरी वाढते, त्यातून सुटका नाही. तेव्हा घंटा किती हळवी ठेवायची हे ठरवणं म्हणजे एका पारड्यात खोटे झटके आणि दुसऱ्यात चुकलेला एखादा जीव टाकून तराजू धरणं. अभियंत्याच्या पडद्यावर मात्र तो तराजू दिसत नाही. तिथे एक चौकट असते आणि चौकटीत आकडा: १.

तो आकडा भरणारा क्रूर होता असं मला मुळीच वाटत नाही. विनाकारण ब्रेक मारणारी गाडीही धोकादायकच. पण आणखी एक नियम पुढे होता आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. सेकंद संपल्यावर संगणकाने बघायचं, की ठरवून दिलेल्या मर्यादेतला ब्रेक लावून धडक टळते का. टळत असेल तर लावायचा. टळत नसेल तर जोराचा ब्रेक लावायचाच नाही. माणसाला इशाऱ्याचा आवाज द्यायचा आणि हळूहळू वेग कमी करायचा. म्हणजे वाचवता येत असेल तर पूर्ण प्रयत्न, आणि वाचवणं हुकलंच असेल तर प्रयत्नही माणसाच्या गळ्यात.

थोडं गणित करून पाहू. ठरवलेली मर्यादा होती दर सेकंदाला सात मीटर प्रति सेकंदाने वेग घटवण्याची. सत्तर किलोमीटरच्या वेगातली गाडी एवढ्या ब्रेकने सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस मीटरमध्ये उभी राहते. २.६ सेकंदांवर, म्हणजे ‘सायकल’ अशी चिठ्ठी लागली तेव्हा, मध्ये पन्नास मीटर होते. थांबायला जागाच जागा होती. १.२ सेकंदांवर तेवीस-चोवीस मीटर उरले. तिथे धडक पूर्ण टळली नसती, पण त्याच क्षणी ब्रेक लागता तर कागदावरच्या हिशेबाने ती ताशी पंचवीस-तीस किलोमीटरवर आली असती. प्रत्यक्षात ०.२ सेकंदांवर इशारा वाजला. ०.०२ सेकंदांवर सेफ्टी ड्रायव्हरने, म्हणजे लक्ष ठेवायला बसवलेल्या त्या बाईने, स्टिअरिंग धरलं. तिचा पाय ब्रेकवर पडला तेव्हा धडक होऊन ०.७ सेकंद झाले होते.

याच व्होल्वोमध्ये कारखान्यातूनच बसवलेली स्वतंत्र आपत्कालीन ब्रेक-यंत्रणा होती. संगणकाच्या ताब्यात गाडी असताना ती बंद ठेवलेली असे, दोन यंत्रणांची आपसात भांडणं होऊ नयेत म्हणून. ती चालू असती तर काय झालं असतं हे व्होल्वोने नंतर संगणकावर वीस प्रकारे तपासलं. सतरा वेळा धडक झालीच नाही. उरलेल्या तीन वेळा वेग ताशी दहा मैलांच्या खाली आला.

खुर्चीतली बाई

आता जिच्या माथी खापर फुटलं तिच्याकडे वळू.

तिच्या मोबाइलवर टीव्हीवरचा गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम सुरू होता. गाडीतल्या कॅमेऱ्याने तिचा चेहरा टिपला आहे. नजर वारंवार खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. धडकेच्या साधारण सहा सेकंद आधी ती खाली बघते आणि वर बघते तेव्हा एकच सेकंद उरलेला असतो. ती कार्यक्रम पाहत नव्हती, नुसता ऐकत होती, असं बचाव पक्षाचं म्हणणं होतं. ती समोर बघत असती तर गाडी पादचारी बाईच्या ४२ फूट आधीच थांबवता आली असती, असा टेंपी पोलिसांचा निष्कर्ष होता. अपघात पूर्णपणे टाळता येण्याजोगा होता, असं त्यांनी लिहिलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायचा मोह इथे होतो. पण ती म्हण लागू पडत नाही. ही बाई संन्याशी नव्हती. समोर बघणं हेच तिचं काम होतं, त्याचाच पगार होता, आणि ते ती करत नव्हती. कंपनीला शिव्या घालायच्या म्हणून तिला बिचारी ठरवणं मला पटत नाही.

तरी ते काम काय होतं ते बघा. चालत्या गाडीत बसायचं, काही करायचं नाही, आणि एका क्षणी सगळं करायचं. दुसऱ्या महायुद्धात रडारचे पडदे बघणारी माणसं काही वेळाने ठिपके चुकवतात, हे ब्रिटिश हवाई दलाच्या लक्षात आलं. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले, १९४८ मध्ये ते छापून आले. एका तबकडीवर काटा टकटक पुढे सरकतो, मधेच कधीतरी दुप्पट उडी मारतो, तेवढी उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांचं लक्ष ढासळलं. त्यात आळशीपणाचा काही संबंध नव्हता, माणसाचं डोकं तसंच घडलेलं आहे. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची दुसरी बाजू मांडली: यंत्र जेवढं जास्त काम स्वतःकडे घेतं तेवढी माणसाची सवय मोडते, आणि मग सवय मोडलेल्या त्याच माणसाकडे सर्वांत कठीण क्षण सोपवला जातो.

ही माहिती जुनी होती, उबरपर्यंत पोचण्याएवढी नक्कीच जुनी. आधी गाडीत दोन माणसं असत. एक रस्त्यावर नजर ठेवी, दुसरं नोंदी करी. २०१७ च्या शरद ऋतूत कंपनीने दुसरं माणूस काढलं. नोंदींचं काम मात्र गेलं नाही. गाडीच्या मधल्या पडद्यावर येणारे संदेश बघणं आणि लक्षात ठेवण्याजोग्या प्रसंगांवर खूण करणं हेही आता पहिल्याच माणसाच्या वाट्याला आलं. म्हणजे ‘खाली बघू नकोस’ हा नियम आणि ‘खाली बघ’ हे काम, दोन्ही एकाच खुर्चीत. आतला कॅमेरा होता, ड्रायव्हर काय करतात ते वरिष्ठ बघू शकत होते, पण क्वचितच बघत. आंधळं दळत होतं म्हणायचं तर तेही खरं नाही. डोळे होते, उघडायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. त्या विभागात सुरक्षिततेचं काम बघणारा स्वतंत्र अधिकारी नव्हता.

दोघं घराबाहेर पडतात, दोघांनाही वाटतं कडी दुसऱ्याने लावली. इथे तेच झालं. संगणकाचा तो एक सेकंद माणसाच्या भरवशावर ठेवला होता. माणूस संगणकाच्या भरवशावर खाली बघत होता. अभियंते ड्रायव्हरवर विसंबून, ड्रायव्हर अभियंत्यांवर, राज्य कंपनीवर. अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नरांनी २०१५ मध्ये आदेश काढून अशा चाचण्यांना दार उघडलं होतं. २०१६ च्या शेवटी कॅलिफोर्नियाने उबरकडे परवाना मागितला, तेव्हा कंपनीने गाड्या उचलून अ‍ॅरिझोनात आणल्या आणि तिथे त्यांचं स्वागत झालं.

अंधार किती होता

एक गोष्ट मधेच सांगायला हवी. अपघातानंतर लगेचच टेंपीच्या पोलीसप्रमुखांनी एका वृत्तपत्राला सांगितलं की बाई सावलीतून एकदम रस्त्यावर आली, गाडी कुणीही चालवत असती तरी हे टाळणं अवघड होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन दिवसांत पोलिसांनी गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्रण खुलं केलं. त्यात खरोखरच काळाकुट्ट अंधार दिसतो, आणि त्या अंधारातून बाई अचानक उगवते. बघणाऱ्याला वाटतं, बरोबर आहे, कुणालाही दिसली नसती.

मग काही लोकांनी रात्री त्याच रस्त्यावरून गाडी नेऊन आपापल्या मोबाइलवर चित्रण केलं. रस्त्यावर दिवे होते. बऱ्यापैकी लांबवरचं दिसत होतं. उबरच्या त्या कॅमेऱ्याला अंधारात कमी दिसत होतं, इतकंच. लायडारला तर उजेड लागतच नाही.

म्हणजे मेलेल्या बाईविरुद्ध पहिली साक्ष दिली ती एका कमजोर कॅमेऱ्याने, आणि आपण ती डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट म्हणून मान्य केली. यंत्राला जे दिसलं नाही ते कुणालाच दिसलं नसतं, ही आपली नवी अंधश्रद्धा आहे. त्या बाईच्या रक्तात अमली पदार्थाचे अंश सापडले, तिचे कपडे गडद होते, सायकलला बाजूचे परावर्तक नव्हते, हे सगळं खरं. एनटीएसबीने कारणांमध्ये तिचं भलत्या ठिकाणी ओलांडणंही धरलं. पण ११० मीटरवरून ती रडारला दिसली होती. ती सावलीतून उगवली नव्हती.

दोष आणि जबाब

‘जबाबदारी’ या शब्दात जबाब बसलेला आहे. जबाबदार तो, ज्याला जबाब द्यावा लागतो. पोलीस ठाण्यात जबाब नोंदवतात तोच हा शब्द. दोष मात्र वेगळा. दोष कुणावर तरी टाकता येतो, त्याने तोंड उघडलं नाही तरी. ‘माथी खापर फोडणं’ यातही ज्याचं डोकं त्याला विचारायची पद्धत नाही.

या प्रकरणात दोन यंत्रणांनी काम केलं आणि दोघींनी या दोन शब्दांची वाटणी करून घेतली. एनटीएसबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मुख्य कारण ड्रायव्हरचं विचलित लक्ष. त्याला हातभार लावणारी कारणं: कंपनीने धोक्याचा पुरेसा विचार न करणं, ड्रायव्हरांवर देखरेख न ठेवणं, यंत्रावर विसंबून माणूस ढिला पडतो त्यावर उपाय न करणं, पादचारी बाईचं ओलांडणं, राज्याच्या वाहतूक खात्याची अपुरी नजर. इथे सगळ्यांचे जबाब आहेत. पण ही संस्था कुणाला शिक्षा करू शकत नाही. ते तिचं कामच नाही.

शिक्षा करू शकते ती फौजदारी यंत्रणा. तिने मार्च २०१९ मध्येच कळवलं होतं की उबर कंपनीवर गुन्हा दाखल करण्यास आधार नाही. म्हणजे ज्या अहवालात कंपनीच्या चुका मांडल्या गेल्या, तो यायच्या आठ महिने आधी. ऑगस्ट २०२० मध्ये ड्रायव्हरवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याचा आरोप ठेवला गेला. कंपनीने बाईच्या कुटुंबाशी दोन आठवड्यांच्या आतच तडजोड केली होती.

हे बघून बरेच जण म्हणतील, कंपनीने डाव साधला. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. कायद्याला गुन्ह्यासाठी एक डोकं लागतं, ज्याला धोका कळत होता आणि तरी ज्याने पर्वा केली नाही. एक सेकंदाचा आकडा एकाने भरला, दुसरं माणूस दुसऱ्याने काढलं, पादचाऱ्याची व्याख्या तिसऱ्या खोलीत ठरली, व्होल्वोचा ब्रेक चौथ्या कारणासाठी बंद केला. यातलं एकेक पाऊल सुटं घेतलं तर समजण्यासारखं आहे. डेनिस थॉम्प्सन या राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ म्हटलं. २००४ मध्ये अँड्रियास मॅथियास या तत्त्वज्ञाने शिकणाऱ्या यंत्रांबद्दल म्हटलं की इथे जबाबदारीत फटच पडते: यंत्र काय करेल ते बनवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं, मग कुणाला धरणार?

पण टेंपीत खरंच फट होती का? शिकणाऱ्या यंत्राच्या गूढ पोटात काहीतरी शिजलं आणि कुणालाच कळलं नाही, असं इथे घडलेलं नाही. एक सेकंद थांबणं माणसाने लिहिलं होतं. क्रॉसिंगबाहेरचा पादचारी माणसाने वगळला होता. दुसरी खुर्ची माणसाने रिकामी केली होती. यातल्या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे आणि कारण आहे. विचारलं तर उत्तर मिळण्यासारखं होतं. ‘यंत्राने केलं’ म्हटलं की या तारखा पुसल्या जातात, आणि ‘ड्रायव्हरने केलं’ म्हटलं तरी पुसल्या जातात.

मॅडलिन क्लेअर एलिश या संशोधक बाईंनी यासाठी एक नेमकी उपमा दिली आहे. मोटारीचं नाक धडकेत चुरडलं जावं असंच बनवतात, म्हणजे आघात तिथे जिरतो आणि आतली माणसं वाचतात. स्वयंचलित यंत्रणेच्या टोकाशी बसवलेला माणूस तसाच असतो. दोषाचा आघात त्याच्यावर जिरतो आणि यंत्रणा शाबूत राहते. सेफ्टी ड्रायव्हर या नावात ‘सेफ्टी’ कुणाची, हा प्रश्न ही उपमा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मला त्या अभियंत्यांना तुरुंगात पाहायचं नव्हतं. तसं झालं असतं तर पुढच्या कंपनीत कुणी चौकटीत आकडा भरताना सही केली नसती, आणि आकडा तरी भरला गेलाच असता. पण शिक्षेला पात्र नसलेला माणूसही जबाब द्यायला बांधील असू शकतो. जबाबाची वाटणी पैशांसारखी होत नाही. दहा जण सामील असले म्हणून प्रत्येकाचा जबाब एक दशांश होत नाही.

कुणाला विचारलं होतं

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. जगात रस्त्यांवर दरवर्षी सुमारे बारा लाख माणसं मरतात, जवळपास सगळी माणसांनीच चालवलेल्या वाहनांमुळे. यंत्र कधी झोपत नाही, दारू पीत नाही. उद्या लाखो जीव वाचणार असतील तर आज रस्त्यावर चाचण्या कराव्याच लागतील, आणि चाचण्यांत चुका होणारच.

हिशेब म्हणून मला तो मान्य आहे. पण औषधांच्या चाचण्यांमागेही हाच हिशेब असतो आणि तरीही तिथे आधी माणसाची संमती घ्यावी लागते. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत ती पहिली अट आहे. जगाने ती अट फार वाईट अनुभवातून शिकली. मिल अ‍ॅव्हेन्यूवर सायकल ढकलणारी बाई एका प्रयोगात होती. तिने कुठे सही केली नव्हती. आपण प्रयोगात आहोत हेही तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येकाची सही घेणं अशक्य आहे, हे उघडच आहे. म्हणून तर सगळ्यांच्या वतीने कुणीतरी आधी कागद मागायचे असतात. सुरक्षेचा आढावा केंद्र सरकारला सादर करणं तेव्हा ऐच्छिक होतं. एनटीएसबीने तो सक्तीचा करा म्हणून शिफारस केली.

जुलै २०२३ मध्ये ड्रायव्हरने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा कमी गंभीर गुन्हा कबूल केला. तीन वर्षं देखरेखीखाली मोकळीक, अशी शिक्षा झाली. गाड्यांचा तो विभाग उबरने त्याआधीच, २०२० च्या डिसेंबरात ऑरोरा नावाच्या कंपनीला देऊन टाकला होता.

अपघातानंतर नऊ महिन्यांनी, २० डिसेंबर २०१८ ला, उबरच्या गाड्या पिट्सबर्गमध्ये पुन्हा रस्त्यावर आल्या होत्या. दिवसाउजेडी, वेग ताशी पंचवीस मैलांच्या आत. पुढच्या दोन्ही खुर्च्यांवर माणसं होती. व्होल्वोचा स्वतःचा ब्रेक चालू ठेवला होता. एक सेकंद थांबायची सोय काढून टाकली होती.